पिवळ्या ठिगळाची चुगली

एका पिवळ्या ठिगळाबद्दल तोंड बंद ठेवून नणंदेला काय मिळणार होतं, ते आधी मांडतो. पहाटे साडेतीनचा गजर कायमचा बंद. दर आठवड्याला बदलणारी ड्युटी जाऊन दुपारची पक्की ड्युटी. शिवाय किकबॉक्सिंगच्या हॉलची पितळी किल्ली, आणि त्या किल्लीमागे आपोआप चालत येणारं ‘मॅडम’. आता तोंड उघडून काय मिळालं असतं? वहिनीचे आभार. तेही घरातले, म्हणजे चहाचा कप पुढे सरकवताना मानेनंच मानले जातात तसले. शहाण्या माणसानं काय केलं असतं, ते तुम्हीच ठरवा.

ते ठिगळ माझ्या अंगावर होतं, मित्रांनो. मी एक जुना शिनगार्ड आहे. गुडघ्याखाली पुढच्या बाजूला जे हाड असतं त्याला नडगी म्हणतात, आणि त्या नडगीला बांधायची जाड गादी म्हणजे मी. त्यातही मी डावा. उजवा माझा जुळा भाऊ. कारखान्यात आम्हाला एकाच काळ्या चामड्यातून कापलं, एकाच फोमनं भरलं आणि एकाच बाईनं शिवलं. तरी जन्मल्यापासून आमच्या नशिबात फरक होता. उजव्या पायानं लाथ मारायची आणि डाव्यानं समोरच्याची अडवायची, अशी बहुतेक माणसांची रीत. त्यामुळे टाळ्या त्याच्या, तडाखे माझे. मी कधी कुरकुर केली नाही. केली असती तरी ऐकणार कोण?

दुकानात आम्ही वर्षभर एका खोक्यात पडून होतो. मग एक दिवस दोन बायका आल्या. एक चष्म्याच्या दुकानात काचा घासणारी, दुसरी शहरात बस चालवणारी. पहिली वहिनी, दुसरी तिच्या नवऱ्याची धाकटी बहीण.

“घरात बसून माझ्यावर डोळे वटारतेस,” नणंद म्हणाली, “त्यापेक्षा हॉलवर ये आणि हातमोजे घालून वटार.”

“येते,” वहिनी म्हणाली. “पण मग रडायचं नाही हां, वन्सं.”

‘वन्सं’ हा शब्द वहिनी फक्त चिडवायला वापरायची. चिडवायची मात्र दिवसातून दहा वेळा.

तो हॉल एका टायरच्या दुकानाच्या वर होता. अठरा पायऱ्या, हिरव्या गाद्या, गाद्यांच्या सांध्यांवर चिकटपट्टी, आणि कोपऱ्यात एक छोटा फ्रीजर. फ्रीजरमध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांत पाणी भरून बर्फ केलेला असे. त्याच्या वर भिंतीवर सरांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: ‘ज्याची लाथ, त्याचा बर्फ.’ म्हणजे असं, की सरावात तुमची लाथ ज्याला लागली, त्याच्या मांडीला सराव संपल्यावर तुम्हीच बसून बर्फ लावायचा. दहा मिनिटं. पळवाट नाही. सरांचं म्हणणं, दहा मिनिटं दुसऱ्याची निळी मांडी हातात धरली की पुढच्या वेळी लाथेचा जोर आपोआप निम्मा होतो.

सर म्हणजे साठीचा, उंच, कमी बोलणारा माणूस. चालले की त्यांचे गुडघे जुन्या दारासारखे वाजायचे. शिकवायचे मात्र असं, की माझ्यासारख्या फोमच्या डोक्यातही शिरावं.

“लो किक म्हणजे फुटबॉल नाही,” ते वहिनीला सांगत. “पावलानं मारशील तर तुझंच पाऊल सुजेल. नडगीनं मार. गुडघ्याच्या वर वीतभर, मांडीच्या बाहेरच्या अंगाला. आधी डावं पाऊल तिरकं बाहेर टाक, टाच आत, बोटं बाहेर. मग कंबर फिरव. पाय कंबरेच्या मागून आपोआप येतो.”

“आणि तिनं पाय उचलून अडवली तर?”

“अडवणारच. म्हणून आधी हातांनी तिच्या डोक्याला काम दे. डावा ठोसा, उजवा ठोसा, मग लाथ. नाहीतर डावा हुक, म्हणजे बाजूनं वळून येणारा ठोसा. हुक अडवताना तिचं वजन पुढच्या पायावर येतं. हलका पाय उचलता येतो, बाई. जड पाय मार खातो.” मग थोडं थांबून ते म्हणत, “हातांनी खोटं बोलायचं आणि पायानं खरं.”

वहिनीला यातला दुसरा भाग लवकर जमला. खोटं बोलण्याचा सराव तिला घरातही नव्हता. पण हळूहळू तेही आलं. दोन वर्षांनी नणंद-भावजयीचा सराव बघायला बाकीचे आपले ठोसे थांबवत. नणंद बसच्या ब्रेकवर घडलेल्या उजव्या पायानं दणके द्यायची. वहिनी चष्म्याची काच घासावी तशी, थोडं थोडं, नेमक्या जागी. एका संध्याकाळी नणंदेच्या चार बसत, वहिनीच्या तीन. बर्फ दोघींना लागायचा. एकमेकींच्या मांड्या धरून त्या घरातलं सगळं बोलून घ्यायच्या. दहा मिनिटांत एवढे विषय निघतात हे सरांनाही माहीत नसावं.

तेव्हा माझे दिवस चांगले होते. घरी गेल्यावर वहिनी आम्हाला ओल्या फडक्यानं पुसायची, वेलक्रोच्या पट्ट्या उघड्या ठेवायची आणि स्वयंपाकघराच्या खिडकीजवळच्या खिळ्यावर टांगायची. मित्रांनो, घामानं चामड्याला काही होत नाही. घाम तसाच ठेवला की होतं.

मग चष्म्याच्या दुकानात कामाची गर्दी आली. वहिनी रात्री उशिरा यायची आणि बॅग कोपऱ्यात ढकलून झोपायची. आम्ही आत ओले, अंधारात, हातमोज्यांच्या वासात. एकदा सलग चार दिवस राहिलो. पाचव्या दिवशी मला बाहेर काढलं तेव्हा माझ्या आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या पायाकडच्या अंगाला, पोटरीजवळ लांब भेग गेली होती आणि फोम डोकावत होता. उजवा बरा होता. तो वर होता, मी खाली. हेही नेहमीचंच.

वहिनीनं मला सासूकडे नेलं. सासूबाई तंबू, ताडपत्र्या आणि बॅगा शिवतात. घरातली पुढची खोली म्हणजे त्यांचं दुकान, आणि त्यांचं शिलाई यंत्र हे घरातलं सगळ्यात जास्त बोलणारं माणूस.

“हे चामडं आहे की सुकलेलं तळं?” त्यांनी मला उलटासुलटा करून विचारलं. “सूनबाई, वस्तू वापरायची तर तिला वाळवायची पण. टाकणार होतीस ना याला?”

“नाही हो आई. म्हणून तर आणला.”

हाताशी तंबूचा उरलेला तुकडा होता. पिवळाधमक. त्यांनी दोन मिनिटांत तो माझ्या आतल्या बाजूवर चढवला. शिलाई अशी पक्की, की मी कारखान्यातल्या बाईला विसरलो. काळ्या अंगावर ते पिवळं ऊन पडल्यासारखं दिसायचं. मी मनातून खूष होतो. आयुष्यात पहिल्यांदा मी भावापेक्षा वेगळा दिसत होतो.

तिथेच घात झाला.

बघा, लाथ मारण्यापूर्वी डावं पाऊल बाहेर वळवावं लागतं, हे सरांनी सांगितलंच आहे. पाऊल वळलं की माझी आतली बाजू समोरच्याकडे होते. पूर्वी काळ्यावर काळं, कोणाला काही दिसत नव्हतं. आता प्रत्येक लाथेआधी, पापणी लवायच्या आत, पिवळं चमकायचं. नणंद बस चालवते. सिग्नल बघून पाय हलवणं हेच तिचं पोट. तिसऱ्याच दिवशी तिला समजलं. पिवळं दिसलं की ती पाय उचलायची आणि वहिनीची लाथ तिच्या नडगीवर आपटून परत यायची.

तीन महिने, मित्रांनो. तीन महिने वहिनीची एकही लाथ बसली नाही. चुगली मी करत होतो आणि माझा इलाज नव्हता.

त्याच महिन्यांत सरांनी सांगितलं की दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलंय आणि अठरा पायऱ्या आता त्यांच्यानं होणार नाहीत. संध्याकाळची तुकडी त्यांचा एक जुना विद्यार्थी बघणार होता. सकाळच्या तुकडीचं काय? सहा ते सातची ती तुकडी, सगळी नवखी माणसं.

“दोघींपैकी एकीनं ती घ्या,” सर म्हणाले. “तीन फेऱ्या खेळा. जिच्या लो किक जास्त बसतील तिला किल्ली. पण एक अट. समोरची स्वतःच्या पायानं जिना उतरली पाहिजे. नवख्यांच्या मांड्या तुमच्या हातात देणार आहे मी. जोर कुठे थांबवायचा हे जिला कळत नाही, तिला हा जिना नाही.”

नणंदेचा हिशेब मी सुरुवातीला दिलाच आहे. डेपोतला साहेब म्हणाला होता, सकाळचं असं शिकवण्याचं काम असेल तर दुपारची ड्युटी लावून देतो. वहिनीचा हिशेब छोटा होता. घरात ती सून, वहिनी, आई. दुकानात ती ‘काचवाल्या बाई’. कोणी तिला काही विचारायला यावं, असा दिवसातला एक तास तिला हवा होता. हे ती कोणाला बोलली नव्हती. मला टांगताना एकदा पुटपुटली, म्हणून मला ठाऊक.

आणि त्या तासाच्या दारात मी पिवळा कंदील धरून उभा होतो.

सराव संपला की बर्फ फक्त वहिनीला. नणंद तिची मांडी हातात धरून बसायची आणि छताकडे बघायची.

“वन्सं, मी म्हातारी झाले का गं?” एकदा वहिनीनं विचारलं.

“छे. थोडा सराव कमी पडतोय तुझा,” नणंद म्हणाली.

“सराव कुठे कमी पडतोय? लाथ निघायच्या आधी तुझा पाय वर असतो. तुला स्वप्न पडतं का?”

“मला पहाटे साडेतीनला उठावं लागतं, वहिनी. मला स्वप्नं पडत नाहीत.”

हे वाक्य खरं होतं. खऱ्या वाक्याखाली दडवलेलं खोटं सापडायला फार अवघड. पण एक सांगतो, नणंदेचा हात त्या दिवसांत फार हळू फिरायचा. दहाची पंधरा मिनिटं व्हायची. ज्याला मन खातं त्याचे हात असे मऊ होतात.

दिवसभर दुसऱ्यांना नीट दिसावं म्हणून काचा घासणाऱ्या बाईला स्वतःच्या पायावरचं पिवळं दिसेना. तिची तरी काय चूक? सरांनीच शिकवलं होतं, नजर समोरचीच्या छातीवर ठेव, खाली बघू नकोस.

चाचणीला आठ दिवस उरले तेव्हा सासूबाई हॉलवर आल्या. सरांच्या मोठ्या बॅगेची शिवण उसवली होती, ती शिवून द्यायला. अठरा पायऱ्या चढून दमल्या, म्हणून बसायला ठेवलेल्या एका जुन्या टायरवर बसल्या आणि दोघींचा सराव बघत राहिल्या. नणंद तिथूनच ड्युटीवर गेली. सासू-सून पायी घरी निघाल्या. मी वहिनीच्या खांद्यावरच्या बॅगेतून ऐकत होतो.

“तुमचं दोघींचं बरं जमतं,” सासूबाई म्हणाल्या. “यंत्रासारखं. पायडल खाली की सुई वर.”

“म्हणजे?”

“म्हणजे तुझं पिवळं वळलं की हिचा पाय वर. पिवळं वळलं, पाय वर. मी मोजलं ना. एकदासुद्धा टाका चुकला नाही.”

वहिनी रस्त्यात उभी राहिली. मागून येणारा सायकलवाला तिला वळसा घालून गेला.

“काय झालं?” सासूबाईंनी विचारलं. मग त्यांच्याही लक्षात आलं. “अगं बाई. म्हणजे माझ्या ठिगळानं… आणि ती कार्टी गप्प बसली? थांब, घरी येऊ दे तिला. आणि तो आण इकडे, काढून टाकते. दोन मिनिटांचं काम.”

वहिनीनं बॅगेची पट्टी खांद्यावर ओढून घेतली. मला वाटलं, आता माझी भाजीच्या सालींबरोबर रवानगी.

“नको आई,” ती शेवटी म्हणाली. “राहू दे. आणि तिला काही बोलू नका.”

पुढचे आठ दिवस ती स्वयंपाकघरात उभी राहून एकच गोष्ट करत होती. मला बांधायचं, पाऊल वळवायचं, पिवळं दाखवायचं, आणि लाथ मारायची नाही. मनात एक-दोन मोजायचं, मग मारायची. नवऱ्यानं दारातून डोकावून विचारलं, “पायात गोळा आलाय का?”

“हो,” ती म्हणाली. “आठ दिवसांत उतरेल.”

घरात तिनं मारलेली ही पहिली साफ थाप. हातांनी खोटं बोलायला ती केव्हाच शिकली होती. आता तिचा पायही शिकत होता, आणि त्या खोट्याचं तोंड मी होतो.

चाचणीच्या दिवशी सर टायरवर बसले, गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवून. पहिली फेरी नेहमीसारखी. वहिनीनं नेहमीसारख्या लाथा मारल्या, नणंदेनं नेहमीसारख्या अडवल्या. तीन-शून्य. नणंदेच्या बाजूनं.

दुसऱ्या फेरीत वहिनीनं मला वळवलं. पिवळं चमकलं. नणंदेचा डावा पाय वर. लाथ आलीच नाही. पाय हवेत एकटाच लोंबकळत राहिला, पाहुणा न आलेल्या घरातल्या ताटासारखा. मग तो खाली उतरला, सगळं वजन घेऊन उतरला, आणि तो टेकतो न टेकतो तोच वहिनीचा उजवा पाय आला. फट. गुडघ्याच्या वर वीतभर.

“एक,” सर म्हणाले.

नणंदेच्या डोळ्यांत मी बघितलं. तिला कळलं होतं. ती हुशार आहेच. तिनं ठरवलं, आता पिवळ्याकडे बघायचं नाही. पण तीन महिने तिनं दुसरं काही बघितलंच नव्हतं. वहिनीचा खांदा आधी पडतो का, कंबर कधी फिरते, डावा हुक कुठल्या लाथेच्या आधी येतो, हे सगळं ती विसरली होती. आयतं मिळालं की असं होतं. पिवळं दिसल्यावर पाय उचलावा, तर उतरताना लाथ. उचलू नये, तर उभ्या पायावर लाथ. दुसरी फेरी संपली तेव्हा एकूण चार-तीन, अजून नणंद पुढे. तिसऱ्या फेरीत पाच-पाच, आणि शेवटचे काही क्षण उरले.

नणंद चिडून पुढे आली. उजवा पाय पूर्ण ताकदीनं फिरवला. वहिनीनं डावा गुडघा उचलला आणि तो दणका मी घेतला. तंबूच्या दोऱ्याची ती शिलाई कडाडकन उसवली, आतला फोम चेपून कागद झाला. पण मी हललो नाही. नणंदेचा पाय आपटून खाली आला, तोल पुढे गेला, सगळं वजन डाव्या पायावर. हात खाली. यापेक्षा उघडी मांडी कोणाला कधी मिळाली नसेल. वहिनीची कंबर फिरली. उजवा निघाला, तो माझा भाऊ, मी त्याला ओळखतो, त्या दिवशी तो पुऱ्या रागानं निघाला होता. आणि मांडीपासून चार बोटांवर वहिनीनं तो आवरला. लाथ लागली. दार ठोठावावं एवढीच.

“सहा,” सर म्हणाले. मग बराच वेळ वहिनीच्या पायाकडे बघत राहिले. “ही शेवटची मला पटली,” ते म्हणाले, आणि खिशातली किल्ली काढली.

नणंद स्वतःच्या पायानं फ्रीजरपर्यंत गेली, पिशवी काढली आणि वहिनीच्या हातात दिली. वहिनी खाली बसली.

“कधी कळलं तुला?” नणंदेनं विचारलं.

“आठ दिवस झाले. तुला?”

नणंद बर्फाकडे बघत राहिली. “तीन महिने.”

“हं. म्हणजे अडतीस पिशव्या.”

“तू मोजत होतीस?”

“मांडी माझी होती, वन्सं. दुसरं कोण मोजणार?”

“सांगायला हवं होतं मी.”

“हवं होतं,” वहिनी म्हणाली. “हात काढ. इथे जास्त निळं झालंय.”

“रागावलीस?”

“रागावले होते. म्हणून तर शेवटची आवरायला जड गेली. उद्या क्लच दाबायचाय ना तुला? हा क्लचचा पाय.”

 नणंदेनं नाक पुसलं आणि ते घामाचं आहे असं दाखवलं. आम्ही सगळ्यांनी मान्य केलं.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः मला घेऊन सासूबाईंकडे गेली. हातात बसच्या ड्रायव्हर सीटचा एक काळा जाड तुकडा होता. सीट बदलताना काढलेला.

“आई, याला काळं लाव. कोणालाच दिसायला नको.”

“आता सुचतंय का, कार्टे?”

“पिवळंच राहू दे,” आतून वहिनी म्हणाली. “सकाळी नवी माणसं येतील. पाय चुगली कशी करतो ते दाखवायला लागेल.”

सासूबाईंनी दोघींचं ऐकलं. बाहेरून पिवळं पुन्हा शिवलं. आणि जिथे फोम कागद झाला होता तिथे, आतून, नडगीला टेकणाऱ्या बाजूनं, ते काळं. पिवळं सगळ्यांना दिसतं. काळं ज्याच्या पायाला असेल त्यालाच लागतं.

आता मी लढत नाही. सकाळच्या तुकडीत नवख्यांच्या डाव्या पायावर बांधला जातो. “पिवळ्याकडे बघा,” वहिनी सांगते, आणि पंधरा दिवसांनी म्हणते, “आता बघू नका.” घरी आलो की ती मला पुसते आणि खिळ्यावर टांगते. मित्रांनो, तुमच्याकडे असा कोणी मुकाट्यानं तडाखे घेणारा असेल, वस्तू असो नाहीतर माणूस, तर त्याला ओला ठेवून झोपू नका. माझी ती चार दिवसांची ओल वाळायला तीन महिने आणि अडतीस पिशव्या बर्फ लागला.

राहिला शेवटचा हिशेब. टाळ्या उजव्याला. किल्ली वहिनीला. ठिगळं दोन, दोन्ही सासूबाईंची. पहाटेची ड्युटी असली की नणंदेचा गजर अजून साडेतीनलाच वाजतो. सहाच्या तुकडीसाठी वहिनीला पाचला उठलं तरी पुरतं. पण खिळ्यावरून मला दर वेळी दिसतं, साडेतीनला गजर वाजला की आधी स्वयंपाकघरातला दिवा लागतो, दोन कप निघतात, आणि वहिनी डोळे चोळत विचारते, “वन्सं, मांडी कशी आहे?” मांडी केव्हाच बरी झाली आहे. दीड तासाची ती झोप कोणी मागितलेली नाही. हप्त्यासारखी भरते मात्र वहिनी.